वेटेड ब्लँकेट

वेटेड ब्लँकेट म्हणजे मुद्दाम जड केलेलं पांघरूण. रजई जाड असते म्हणून जड लागते, याचं तसं नाही. यात कापडाला छोटे चौकोनी कप्पे शिवतात आणि त्यात काचेचे बारीक मणी किंवा प्लॅस्टिकचे दाणे भरतात, कप्पे अशासाठी की सगळा माल घसरून एका कोपऱ्यात जमा होऊ नये आणि वजन अंगावर सारखं पसरावं. मोठ्या माणसांसाठी साधारण 5 ते 10 किलोची ब्लँकेटं मिळतात. स्वीडनमध्ये दाण्यांऐवजी धातूच्या साखळ्या शिवलेली ब्लँकेटंपण वापरात आहेत, आणि या विषयावरचा बहुतेक सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास त्या साखळीवाल्या ब्लँकेटवरच झालाय. जुन्या लुगड्यांचे थर टाकून शिवलेली गोधडी अंगावर घेतली की जे वाटतं ते आठवा, हे त्याच जातीचं सुख आहे, फक्त वजन त्याहून बरंच जास्त.

यामागची कल्पना अशी की हलका, निसटता स्पर्श माणसाला सावध करतो आणि घट्ट, पसरलेला दाब शांत करतो. बाळाला नुसतं बोट लागलं तरी ते दचकतं पण छातीशी घट्ट धरलं की रडणं थांबतं, हे कुठल्याही घरात बघायला मिळतं. ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून दिल्या जाणाऱ्या उपचारात, याला डीप प्रेशर म्हणतात आणि ऑटिझम (मेंदूची वाढ वेगळ्या तऱ्हेने होऊन बोलणं, मिसळणं, स्पर्श-आवाज सोसणं वेगळं असण्याची अवस्था) असलेल्या मुलांसाठी हे थेरपिस्ट अशी पांघरुणं, जड जॅकेटं बाजारात फॅशन यायच्या कितीतरी आधीपासून वापरत होते. इथे टेंपल ग्रँडिन यांचं नाव घ्यायलाच हवं. अमेरिकेतल्या या प्राणिशास्त्रज्ञ स्वतः ऑटिस्टिक आहेत. शाळकरी वयात मावशीच्या रँचवर त्यांनी बघितलं की लस देताना गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या पिंजऱ्यात काही गुरं एकदम शांत होतात, मग त्यांनी माणसासाठी तसंच यंत्र स्वतः बनवलं आणि पुढे 1992 मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. सर्वसामान्य लोकांपर्यंत ही गोष्ट पोचली 2017 मध्ये, जेव्हा ग्रॅव्हिटी ब्लँकेट नावाच्या उत्पादनाला किकस्टार्टरवर, म्हणजे नव्या वस्तूंसाठी लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करणाऱ्या वेबसाइटवर, 40 लाख डॉलरहून जास्त पैसे मिळाले.

आता खरा प्रश्न, झोप येते का? उत्तर सरळ हो किंवा नाही असं देता येत नाही, कोणाच्या झोपेबद्दल बोलतोय त्यावर ते बदलतं.

स्वीडनमधला 2020 चा अभ्यास 120 जणांवर झाला. सगळ्यांना निद्रानाश होता आणि सोबत डिप्रेशन, बायपोलर (मन कधी फार उत्तेजित तर कधी फार खिन्न होण्याचा आजार), एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) किंवा सततची चिंता यातलं काहीतरी होतं. निम्म्यांना 8 किलोचं (जड वाटलं तर 6 किलोचं) ब्लँकेट दिलं, बाकीच्यांना दिसायला तसंच पण दीड किलोचं. 4 आठवड्यांनी जड ब्लँकेटवाल्यांपैकी जवळपास 60 टक्के लोकांचा निद्रानाशाचा स्कोअर निम्म्यावर किंवा त्याखाली आला, हलक्यावाल्यांमध्ये हेच प्रमाण जेमतेम 5 टक्के. फरक खूपच मोठा आहे.

पण त्याआधी 2014 मध्ये ब्रिटनमध्ये ऑटिझम असलेल्या 67 मुलांना आलटून पालटून जड आणि साधं ब्लँकेट देऊन बघितलं होतं, तिथे मुलं जास्त वेळ झोपली नाहीत, लवकर झोपली नाहीत, रात्री उठणंही कमी झालं नाही. तरीसुद्धा मुलांना आणि आईवडिलांना जडच ब्लँकेट जास्त आवडलं! मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण यातून कळतं की बरं वाटणं आणि जास्त झोप लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि रात्रभर जागणाऱ्या घरासाठी पहिलीलासुद्धा किंमत आहे. स्वीडनमधल्या उप्सालामध्ये 26 निरोगी तरुणांवर प्रयोग झाला, 2022 मध्ये छापून आला, त्यात शरीराच्या वजनाच्या 12 टक्के वजनाचं ब्लँकेट घेतल्यावर झोपायच्या आधीच्या तासात लाळेतलं मेलाटोनिन (रात्री झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं हार्मोन) हलक्या ब्लँकेटपेक्षा साधारण 30 टक्क्यांनी जास्त वाढलं, पण झोपेचा वेळ मात्र वाढला नाही.

या सगळ्या अभ्यासांची एक अडचण सुटण्यासारखी नाही. गोळीच्या जागी साखरेची गोळी देता येते, पण अंगावरचं वजन लपवता येत नाही, त्यामुळे ब्लँकेटचा गुण किती आणि विश्वासाचा किती हे वेगळं काढणं अवघड जातं. एकंदरीत बघता चिंता कमी होऊन अंग सैल पडायला मदत होते याला बऱ्यापैकी आधार आहे, निद्रानाशावरचा इलाज म्हणून आधार अजून कच्चा आहे.

घ्यायचंच असेल तर शरीराच्या वजनाच्या साधारण 10 टक्के असा अंदाज धरतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 6 किलो. हा अंदाज आहे, नियम नाही. ब्लँकेट माणसाच्या मापाचं हवं, पलंगाच्या नाही, कडा खाली लोंबल्या की सगळं तिकडेच ओढलं जातं. घरी तांदूळ भरून शिवणारे लोक आहेत पण ते धुता येत नाही आणि पोरकिडे लागतात. खोळ वेगळी निघणारी असेल तर उत्तम. आणि आपल्या उन्हाळ्यात, त्यात कोकणासारख्या दमट हवेत, पॉलिएस्टरची खोळ अजिबात नको, सुती बघा.

धोक्याचं मात्र नीट वाचा. बाळांना हे कधीच घालायचं नाही, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 च्या सूचनांमध्ये बाळाच्या अंगावर किंवा जवळही वजनदार पांघरूण नको असं स्पष्ट लिहिलंय. लहान मुलं अशा ब्लँकेटमध्ये अडकून गुदमरून गेल्याच्या घटना झाल्या आहेत, कॅनडात 2008 मध्ये 9 वर्षांचा एक ऑटिस्टिक मुलगा गेला. स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास मध्येमध्ये थांबण्याचा आजार), दमा, फुफ्फुसांचा किंवा रक्ताभिसरणाचा त्रास असेल, बंद जागेची भीती वाटत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी घेताना आधी दिवसा, जागेपणी अंगावर घालून बघा आणि कोणाच्या मदतीशिवाय ते बाजूला सारता येतंय का ते तपासा, नाही सारता आलं तर ते वजन त्यांच्यासाठी नाही.