गहाणलहाण आणि गहाणकर्जाची फेरआकारणी

गहाणलहाण : ठरलेल्या मुदतीत कर्ज न फिटल्यास गहाण वस्तू, बहुधा शेतजमीन, सावकाराच्या मालकीची व्हावी अशी अट असलेला जुना मराठी व्यवहार. वायदा टळला की गहाणखतच खरेदीखत समजावे, असा या अटीचा आशय. अशी जाऊ घातलेली जमीन वाचवण्यासाठी कर्जाचा हिशेब मुळापासून मांडून हप्ते बांधून देण्याची पद्धत १८७९च्या कायद्याने दख्खनमध्ये आली. तिचा विचार इथेच करणे सोयीचे आहे.

‘लहाण’ हा ‘गहाण’ला जोडलेला निव्वळ यमकशब्द असावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु जुन्या मराठीतील ‘लाहणे’ (मिळणे, लाभणे) या क्रियापदाशी त्याचा संबंध लावणे अधिक पटते; गहाण होते ते सावकाराला लाभले, असा अर्थ त्यातून नीट निघतो. प्रथा मात्र शब्दापेक्षा जुनी दिसते. बहुधा इ. स.च्या तिसऱ्या ते पाचव्या शतकांदरम्यानच्या याज्ञवल्क्यस्मृतीत मुदतबंद गहाण मुदत संपताच बुडते, पण ज्याचे उत्पन्न धनको खातो ते गहाण कधीच बुडत नाही, असा भेद केला आहे. ताबेगहाण (जमीन ताब्यात घेऊन सावकार तिचे उत्पन्न खातो ते) आणि गहाणलहाण यांतला फरक नेमका हाच.

इंग्रजी अमदानीत या अटीवरून न्यायालयांत दोन तट पडले. मुंबई उच्च न्यायालयाने १८६४ मध्ये रामजी वि. चिंतो या दाव्यात, एकदा गहाण ते कायम गहाण, हे इंग्लंडमधील समन्यायाचे (इक्विटीचे) तत्त्व लावले आणि मुदत टळल्यावरही पैसे भरून जमीन सोडवण्याचा ऋणकोचा हक्क मान्य केला. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधील शेवटच्या अपिलाच्या न्यायपीठाने, १८७० मध्ये मद्रासकडच्या एका दाव्यात नेमके उलट सांगितले : करार जसा लिहिला तसा अमलात यावा. मुंबई इलाख्यात तरीही १८६४चाच पायंडा टिकला. परंपरेचा विचार केला तर प्रिव्ही कौन्सिलचे म्हणणे स्मृतिवचनाला जवळचे होते, हे नाकारता येत नाही. ऋणकोची जमीन राखली ती मुंबईच्या निकालाने. मालमत्ता हस्तांतरण कायद्याने (१८८२) सोडवणुकीचा हक्क लेखी झाला. मुंबई इलाख्यात तो कायदा १८९३ पासून लागू झाला.

नुसता हक्क असून भागत नसे, कारण सोडवायची रक्कमच फुगलेली असे. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळला. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत जिथे जिथे तो पोचला तिथे लोकांचा रोख सावकाराच्या दप्तरावर, म्हणजे खतांवर होता. इतिहासकार नील चार्ल्सवर्थ यांच्या मते या दंग्यांचे महत्त्व मागाहून फार वाढवून सांगितले गेले. व्याप्तीपुरते ते ग्राह्य वाटते, परंतु खते जाळण्यामागची व्यथा त्याने लहान ठरत नाही.

दंग्यांच्या चौकशीनंतर झालेला दख्खन शेतकरी साहाय्य कायदा (१८७९चा १७ वा) प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्याचे खरे बळ कलम १२ व १३ मध्ये आहे. खतावरचा आकडा प्रमाण न मानता व्यवहार सुरू झाला तिथपासूनचा इतिहास न्यायाधीशाने तपासायचा. समजा, खत शंभर रुपयांचे आहे. त्यातले सात मनोतीचे (सावकाराच्या आगाऊ कपातीचे) म्हणून देतानाच कापलेले, तेहतीस मागल्या खताचे थकलेले व्याज. हातात पडले साठच. तर मुद्दल साठ. व्याजाचा रकाना वेगळा, त्यावर पुन्हा व्याज नाही, दर अवाजवी असल्यास न्यायालय तो उतरवी. जमीन सावकाराच्या ताब्यात असेल तर तिचे उत्पन्न कर्जात वळते होई. मग उरेल त्याचे हप्ते. खास गहाण नसलेली जमीन तर साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात जप्त करता येत नसे. या कायद्याखाली न्या. महादेव गोविंद रानडे यांनी विशेष न्यायाधीश म्हणून काम केले.

सावकारांनी वाट काढली ती उघड खरेदीखताची : कागदावर विक्री, परत देण्याचा शब्द तोंडी. त्यावर उपाय म्हणून कलम १०अ आले आणि विक्रीच्या कागदाआड गहाण आहे का, हे पाहण्याची मुभा न्यायालयाला मिळाली. तोंडी शब्दावर शेत गमावलेल्यांसाठी हे कलम मोलाचे होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुढे १९३९ व १९४७च्या मुंबई कृषी ऋणको साहाय्य कायद्यांनी कर्जाची रक्कमच कमी करून देण्यापर्यंत मजल मारली.

आजच्या गृहकर्जाच्या अटी बदलून मिळतात त्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत, उदा., कोविडकाळातील ऑगस्ट २०२०ची पुनर्रचना योजना. बँकेच्या बोलीतले ‘फोरक्लोजर’ म्हणजे मात्र मुदतीआधी कर्ज फेडून खाते बंद करणे. घर जाण्याशी त्याचा संबंध नाही. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळवण्यासाठी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. तिथेही पहिला प्रश्न तोच असतो : हा कागद विक्रीचा की गहाणाचा?