जहाज घसरवण्याचं गणित

जहाज बांधायचं जमिनीवर आणि वापरायचं पाण्यात, ही जहाजबांधणीतली मूळ अडचण आहे. लाकडी होडी असली तर गावातली वीस-पंचवीस माणसं खांदा लावून ती पाण्यात नेतात. पोलादी सांगाडा चोवीस हजार टनांचा असला तर काय करायचं? एक मार्ग कोरड्या गोदीचा. खोल हौदात जहाज बांधायचं, मग दार उघडून पाणी आत घ्यायचं, की ते आपोआप तरंगतं. मुंबईच्या वाडिया घराण्याने सागवानी युद्धनौका अशाच गोदीत बांधल्या. पण एवढा हौद खणणं खर्चाचं, आणि जहाज पुरं होईपर्यंत तो अडकून पडतो. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेलफास्ट, ग्लासगो, न्यूकॅसल या बंदरांत बहुतेक मोठी जहाजं काठावरच्या उतारावर बांधत, आणि वेळ आली की सरळ सोडून देत.

३१ मे १९११ रोजी बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत टायटॅनिक असंच सोडलं गेलं. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास ते हललं आणि ६२ सेकंदांत पाण्यावर होतं. नवं जहाज सोडताना त्याच्या टोकावर शॅम्पेनची बाटली फोडायचा रिवाज असतो, पण इथे ती कुणी फोडली नाही. या गोदीत तशी पद्धतच नव्हती. पुढे जहाज बुडाल्यावर लोकांनी त्याचा संबंध अपशकुनाशी जोडला. पण त्याच कंपनीच्या ऑलिंपिक या जहाजावरही बाटली फुटली नव्हती, आणि ते १९३५ पर्यंत सेवेत राहिलं.

त्या दिवशी जे घसरलं ते पुरं जहाज नव्हतंच. धुराडी नव्हती, बॉयलर नव्हते, दिवाणखाने नव्हते. होता तो ८८२ फूट लांबीचा पोकळ सांगाडा. पूर्ण सजल्यावर टायटॅनिकचं वजन ५२ हजार टनांच्या घरात गेलं, म्हणजे घसरताना ते निम्म्याहून कमी होतं. हा सांगाडा जोडला होता सुमारे ३० लाख रिवेटांनी, म्हणजे पत्रे एकमेकांना जोडणाऱ्या जाड खिळ्यांनी. वेल्डिंग अजून जहाजांपर्यंत पोचलं नव्हतं. भट्टीवरचा पोऱ्या लालबुंद रिवेट पुढे पाठवायचा, दुसरा ती पत्र्यांच्या भोकात बसवायचा, आतून एकजण ती दाबून धरायचा आणि बाहेरून दोघे आळीपाळीने हातोडे मारून तिचं डोकं चपटं करायचे. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात आणि ती गार होताना चाक आवळते, तसंच इथे व्हायचं: रिवेट थंड होताना आखडायची आणि दोन्ही पत्रे घट्ट खेचून धरायची. या कामाने कानठळ्या बसत, आणि बहुतेक कारागीर पुढे बहिरे होत.

आता घसरण्याकडे येऊ. सांगाड्याखाली लाकडी रुळांचे दोन थर असत. खालचे जमिनीत पक्के, वरचे जहाजाला जखडलेले. जहाजाबरोबर वरचे रूळही पाण्यात जात. समजा उतार वीस फुटांना एक फूट आहे. मग वजनाचा साधारण विसावा भाग जहाजाला खाली ओढतो. २४ हजार टनांचा विसावा भाग म्हणजे १,२०० टन. एवढा जोर लावूनही कोरडं लाकूड कोरड्या लाकडावरून हलत नाही, कारण तिथलं घर्षण याच्या कितीतरी पट असतं. म्हणून मध्ये वंगण. टायटॅनिकसाठी जनावरांची चरबी, मऊ साबण आणि तेल मिळून वीस टनांहून जास्त वंगण थापलं होतं. चरबीमुळे घर्षण वजनाच्या तीन-चार टक्क्यांवर येतं, आणि जहाज एकदा सुटलं की आणखी घटतं. पाच टक्के ओढ, तीन-चार टक्के अडवणूक: सगळा खेळ या एवढ्याशा फरकाचा. थंडीत चरबी घट्ट होते, कडक उन्हात पातळ होऊन दाबाखाली बाजूला सरते, म्हणून तिचं मिश्रण हवेप्रमाणे बदलावं लागे.

घर्षणाशी पंगा घेतला तर काय होतं ते १८५७ मध्ये लंडनला दिसलं होतं. इसांबार्ड ब्रुनेल या अभियंत्याने ग्रेट ईस्टर्न हे महाकाय जहाज आडवं, लोखंडावर लोखंड घासत थेम्समध्ये उतरवायचं ठरवलं. ते जागचं हलेना. दाबयंत्रांनी रेटत रेटत ते पाण्यात जायला तीन महिने लागले. (हेच जहाज १८७० मध्ये मुंबईला आलं आणि त्याने मुंबई ते एडन समुद्राखालची तार टाकली.)

पण खरी डोकेदुखी सुरू होते ती जहाज पाण्याला टेकल्यावर. ते मागच्या बाजूने आत शिरतं. उताराचा शेवट ओलांडून मागचा भाग पुढे जातो, आणि तिथे पाणी पुरेसं खोल नसेल तर तो लोंबकळतो. अशा वेळी जहाज उताराच्या कडेवर तराजूसारखं उलटं झुकून त्याचा कणा मोडू शकतो. पाणी पुरेसं असेल तर उलटच घडतं. पाणी मागचा भाग उचलू लागतं, पुढचं टोक मात्र अजून रुळावरच असतं. जहाजाचं उरलेलं सगळं वजन त्या टोकाखालच्या थोड्याशा लाकडांवर येतं. आधी चौरस फुटाला दोन-अडीच टन असलेला दाब तिथे अचानक कित्येक पट होतो. म्हणून पुढच्या टोकाखाली पोलादाने बांधलेला भक्कम पाळणा ठेवत, आणि जहाज फुटाफुटाने किती पुढे गेलं की किती उचललं जाईल याचे तक्ते अभियंते महिनोन्‌महिने आधी मांडत. मुहूर्त पंचांगाने नव्हे, भरतीच्या वेळापत्रकाने ठरे.

या एका मिनिटात जहाजाला ना इंजिन, ना ब्रेक. टायटॅनिकचा वेग १२ नॉट, म्हणजे ताशी २२ किलोमीटरपर्यंत गेला होता. थांबवायला पाण्यात आधीच गाडलेले सहा नांगर आणि साखळदंडांचे ढीग होते. दोर ताणले गेले, साखळ्या ओढल्या गेल्या आणि जहाज स्वतःच्या लांबीच्या आतच थांबलं. क्लाइड नदीवरच्या क्लाइडबँकची अडचण वेगळी होती. तिथे बांधलेल्या ७८७ फुटी ल्युसिटानिया या प्रवासी जहाजाला सरळ समोर जायला नदी अपुरी. म्हणून त्याचा उतार समोरून येऊन मिळणाऱ्या कार्ट नदीच्या मुखाकडे रोखला होता. ७ जून १९०६ रोजी जहाज तिरपं त्या मोकळ्या पाण्याकडे गेलं.

एवढं पोलाद पाण्यात घुसलं की तितकंच पाणी कुठेतरी जाणार. १८९८ मध्ये लंडनच्या ब्लॅकवॉलला एचएमएस अल्बियन ही युद्धनौका उतरवताना उठलेल्या लाटेने बघ्यांनी भरलेला लाकडी मचाण उद्ध्वस्त केला आणि तीसहून जास्त माणसं बुडाली. कामगारांचा धोका तर रोजचाच. टायटॅनिकखालचे टेकू काढताना कोसळलेल्या लाकडात एकजण सापडला आणि दगावला. समारंभाच्या बातम्यांमध्ये हे वाक्य शेवटी येई, आलंच तर.

आणि पाण्यात सुखरूप पोचलं तरी जहाज तरंगेलच असं नाही. २२ सप्टेंबर १९०७ रोजी इटलीत रिव्हा त्रिगोसोला प्रिन्चिपेसा योलांडा हे आलिशान प्रवासी जहाज उतरवलं गेलं, तेही जवळजवळ पूर्ण सजवून. वरचे मजले, दालनं, फर्निचर सगळं जागच्या जागी. तळाशी मात्र कोळसा नव्हता, भार नव्हता. त्यामुळे गुरुत्वमध्य, म्हणजे सगळ्या वजनाचा मध्यबिंदू, वर गेला. जहाज किंचित कललं की पाणी त्याला परत सरळ करतं, पण वजन फार वर असेल तर हे सावरणं तोकडं पडतं. जहाज व्यवस्थित घसरलं, पाण्यात गेलं, कललं, आणि कलतच राहिलं. मग उघड्या भोकांतून पाणी आत आलं. सुदैवाने त्यात कुणी दगावलं नाही. पाहुण्यांच्या देखत जहाज आडवं होऊन बुडालं. त्याचे फोटो आजही पाहायला मिळतात. पुढच्या वर्षी त्याच गोदीने त्याचं भावंड, प्रिन्चिपेसा माफाल्डा, उतरवलं, ते वरचे बहुतेक मजले न चढवता.