व्हीएफएक्स टीम लीड

व्हीएफएक्स टीम लीड म्हणजे चित्रपट, मालिका किंवा जाहिरातींसाठी दृश्य परिणाम तयार करणाऱ्या एका गटाचा प्रमुख. रोटो (फ्रेममागून फ्रेम आकृतीची कड आखून ती वेगळी काढणे), मॅचमूव्ह (संगणकातला कॅमेरा खऱ्या कॅमेऱ्याशी जुळवणे), अ‍ॅनिमेशन, एफएक्स (आग, पाणी, धूर यांसारखे परिणाम), लायटिंग, कॉम्प (सगळे थर एका चित्रात जोडणे) अशा एखाद्या विभागातले मोजके कलाकार त्याच्या हाताखाली असतात. आलेले शॉट वाटून देणे, सुरुवातीच्या एकदोन शॉटवर कामाची पद्धत बसवणे, रोजचे काम तपासणे आणि ते सुपरवायझरपुढे ठेवणे ही त्याची मुख्य कामे. बहुतेक ठिकाणी लीड स्वतःही शॉट करतो आणि तेही अनेकदा सगळ्यांत अवघड. ‘हे खरं वाटत नाही’ असे सुपरवायझर म्हणतो. त्या चार शब्दांतून कलाकाराला दुपारपर्यंत हातावेगळे करता येईल असे काम शोधून देतो, तो लीड.

स्टुडिओच्या उतरंडीत हे पद मधल्या पायरीवर आहे. खाली ज्युनियर आणि सीनियर कलाकार, वर विभागाचा सुपरवायझर, त्याच्यावर संपूर्ण चित्रपटाचा व्हीएफएक्स सुपरवायझर. शेजारी समांतर चालणारी प्रॉडक्शनची माणसे असतात. कोऑर्डिनेटर आणि प्रोड्युसर तारखा, पैसे आणि ग्राहकाशी होणारी देवाणघेवाण सांभाळतात. शॉट कसा दिसावा हे सुपरवायझर ठरवतो, कधी द्यायचा हे प्रॉडक्शन ठरवते आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा जमवायच्या हा प्रश्न लीडकडे येतो. लहान स्टुडिओत एकच माणूस लीड आणि सुपरवायझर दोन्ही असतो.

पार्श्वभूमी

सुरुवातीच्या काळात असे वेगळे पद नव्हते. १९०२ मध्ये चंद्रावरच्या सफरीचा चित्रपट काढणारे जॉर्ज मेलिएस किंवा १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कॅमेऱ्याच्या करामती वापरणारे दादासाहेब फाळके हे स्वतःच दिग्दर्शक आणि स्वतःच चमत्कार घडवणारे होते. काम वाढले तसे ते वाटले गेले. जॉर्ज लुकास यांनी १९७५ मध्ये ‘स्टार वॉर्स’साठी इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक ही संस्था उभी केली. तिथे जॉन डायक्स्ट्रा यांच्या नेतृत्वाखाली संगणकाच्या मदतीने चालणारा, तीच हालचाल पुन्हा तंतोतंत करू शकणारा कॅमेरा बनवला गेला. यानाच्या प्रतिकृती, कॅमेरा, अ‍ॅनिमेशन, रंगवलेली पार्श्वभूमी आणि हे सगळे एका फिल्मवर आणणारे ऑप्टिकल काम असे विभाग पडले. आजच्या स्टुडिओची रचना बरीचशी याच वाटणीतून आली आहे.

लीडचे कौशल्य नेमके कशात आहे, हे १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’च्या वेळी स्पष्ट दिसले. त्यातले धावणारे डायनासोर आधी फिल टिपेट यांचा गट प्रतिकृती इंचाइंचाने हलवून चित्रित करणार होता. संगणकावरच्या चाचण्या पाहिल्यावर तो बेत रद्द झाला. टिपेट यांचे तंत्र कालबाह्य ठरले, तरी त्यांना कामावरून दूर केले गेले नाही. जनावराचे वजन कोणत्या पायावर जाते, वळण्याआधी मान कुठे जाते, दचकल्यावर आधी काय हलते हे त्यांना ठाऊक होते. श्रेयनामावलीत त्यांचे पद ‘डायनासोर सुपरवायझर’ असे आहे. त्यांच्या गटातल्या ज्या कलाकारांचे हात बाहुली हलवण्यात तयार झाले होते, त्यांच्यासाठी सांध्यांवर सेन्सर बसवलेला सांगाडा बनवला गेला. तो हाताने हलवला की संगणकातला डायनासोर हलायचा. तंत्र बदलले, पण पाहणारा डोळा आणि त्या डोळ्याने पाहिलेले दुसऱ्याला सांगण्याची हातोटी यांची गरज कायम राहिली. या पदाबद्दल बोलताना सॉफ्टवेअरची नावे आधी घेतली जातात, ते म्हणूनच पटत नाही.

डेलीज आणि नोट

सुरू असलेले काम सर्वांनी मिळून पाहण्याच्या बैठकीला डेलीज म्हणतात. लीडची खरी कसोटी तिथे लागते. समजा, ओल्या रस्त्यावरून धावणारी, संगणकात बनवलेली गाडी प्लेटमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष चित्रित केलेल्या दृश्यात, बसवायची आहे. शॉट दोनतीनदा फिरतो आणि कुणीतरी म्हणते, ‘गाडी तरंगतेय.’ तक्रार बरोबर आहे, पण तेवढ्यावर कलाकार काय करणार? लीड शॉट थांबवतो. अनेक स्टुडिओंत शॉटची पहिली फ्रेम १००१ धरतात. इथे तो १०४३ वर थांबला असे समजू. टायर रस्त्याला टेकतो ती जागा तो मोठी करून पाहतो. टायरच्या अगदी खाली जी काळीभोर, चिंचोळी सावली हवी ती नाही. एक्स्पोजर वाढवल्यावर दुसरी गोष्ट दिसते. प्लेटमध्ये हलके धुके आहे, त्यामुळे तिथला काळा रंग पूर्ण काळा नाही, किंचित राखाडी आहे. गाडीच्या पोटाखालचा काळा मात्र डांबरासारखा गडद आहे. प्रतिबिंबही आरशातल्यासारखे स्वच्छ आले आहे. खडबडीत ओल्या रस्त्यावर ते खाली ओघळल्यासारखे लांबायला हवे.

मग नोट, म्हणजे दुरुस्तीची सूचना, लिहिली जाते: ‘फ्रेम १०४३. चारही टायरखाली कॉन्टॅक्ट शॅडो द्या. ब्लॅक्स मागच्या खांबाच्या सावलीशी जुळवा. रिफ्लेक्शन उभ्या दिशेने ब्लर करा. गाडीचा रंग आणि मोशन ब्लर बरोबर आहे, त्याला हात लावू नका.’

यातले शेवटचे वाक्य नवे लीड हमखास विसरतात. काय चुकले ते सगळेच सांगतात. काय बरोबर आहे ते सांगितले नाही, तर कलाकार बिचारा सगळेच बदलून आणतो आणि पुढच्या व्हर्जनमध्ये जमलेली गोष्टही हातची जाते. नोटांचा क्रमही महत्त्वाचा असतो. मॅचमूव्ह चुकला असेल, म्हणजे संगणकातला कॅमेरा खऱ्या कॅमेऱ्याशी जुळत नसेल, तर लायटिंगच्या नोटा देण्यात अर्थ नाही. आधी पाया, मग रंग, ग्रेन, म्हणजे फिल्मवर दिसतात तसे बारीक कण, सर्वांत शेवटी.

शूटिंगची माहिती

चित्रीकरणाच्या जागी सहसा सुपरवायझर जातो, पण तिथून आलेल्या नोंदींवर लीडचे पुढचे कित्येक महिने अवलंबून असतात. लेन्सची फोकल लेंग्थ, कॅमेऱ्याची उंची आणि कल टिपून ठेवतात. शॉट झाला की त्याच जागी एक करडा आणि एक आरशासारखा चकचकीत गोळा धरून फ्रेम घेतात, शिवाय २४ चौकोनांचा रंगतक्ता. करड्या गोळ्यावरून उजेड कोणत्या बाजूने आणि किती कडक होता ते कळते, चकचकीत गोळ्यात आजूबाजूचे सगळे उमटते. अशा, उजेडाची पूर्ण व्याप्ती टिपणाऱ्या छायाचित्रांवरून संगणकातल्या वस्तूला खऱ्या जागेचा प्रकाश देण्याची पद्धत पॉल डेबेवेक यांनी १९९८ मध्ये मांडली. आज ती सर्वत्र वापरली जाते. गोळा धरण्याचे काम अर्ध्या मिनिटाचे असते, पण पुढच्या दृश्याच्या घाईत तेच राहून जाते. मग लायटिंगच्या लीडला अभिनेत्याच्या नाकाची सावली पाहून सूर्य कुठे होता ते ठरवावे लागते.

अंदाज आणि वाटणी

चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात, म्हणजे पाच सेकंदांचा शॉट १२० फ्रेमचा. एका फ्रेमच्या रेंडरला, म्हणजे संगणकाने तिचे अंतिम चित्र तयार करायला, दोन तास लागत असतील तर एका मशीनवर २४० तास, दहा दिवस. स्टुडिओत रेंडर फार्मवर शेकडो मशीन असतात, पण त्यांवर बाकीचे गटही रांगेत असतात. म्हणून लीड आधी कमी रेझोल्यूशनवर किंवा दर दहावी फ्रेम काढून पाहायला लावतो आणि पूर्ण रेंडर रात्रीसाठी ठेवतो. न्यूक, हुडिनी, माया या सॉफ्टवेअरपैकी आपल्या विभागाचे साधन त्याला चांगले यावे लागते. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषाही थोडी येत असेल तर रोजची पुन्हापुन्हा करावी लागणारी कामे वाचतात.

कामाची किंमत ठरवताना, म्हणजे बिडच्या वेळी, कोणत्या शॉटला किती मॅन-डे, म्हणजे एका माणसाचे किती दिवस, लागतील हेही लीडला विचारले जाते. स्टुडिओ पुष्कळदा ठरलेल्या रकमेत काम घेतात आणि बदल मात्र येत राहतात. फायद्याचा वाटा इतका कमी असतो की नावाजलेल्या संस्थाही यात बुडाल्या. रिदम अँड ह्यूजने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला, आणि त्याच महिन्यात त्यांचे काम असलेल्या ‘लाइफ ऑफ पाय’ला दृश्य परिणामांचे ऑस्कर मिळाले. वर बसलेल्यांना खूश करण्यासाठी चार दिवसांचे काम दोन दिवसांत होईल असे सांगणारा लीड ते दोन दिवस आपल्या माणसांच्या रात्रींतून काढत असतो. खरा आकडा सांगण्याचे धैर्य हे या पदाचे कौशल्यच मानायला हवे.

बदलते काम

अभिनेत्यांच्या मागे एलईडीची प्रचंड भिंत उभारून पार्श्वभूमी चित्रीकरणाच्या वेळीच दाखवण्याची पद्धत २०१९ च्या ‘द मँडलोरियन’ मालिकेनंतर वेगाने पसरली. यात पूर्वी अगदी शेवटी होणारे निर्णय शूटिंगच्या आधी घ्यावे लागतात. रोटोसारख्या कामात मशीन लर्निंगची साधनेही आली आहेत. केसांची कड, धूसर हात, दोन फ्रेमपुरते थरथरणारे मास्क (आखून वेगळ्या काढलेल्या आकृती) तपासायला मात्र माणूसच बसतो.

या पदासाठी कोणतीही परीक्षा किंवा परवाना नाही. काही वर्षे चांगले शॉट केलेल्या कलाकारालाच बहुधा लीड केले जाते. पहिल्या महिन्यात त्याची चूकही ठरलेली असते. दुसऱ्याचा शॉट जमत नसला की तो संध्याकाळी फाइल उघडतो आणि स्वतः दुरुस्त करून पाठवून देतो. शॉट फायनल होतो, पण पुढच्या आठवड्यात त्याच कलाकाराकडून तीच चूक पुन्हा येते. मग लीड त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसतो, माउस त्याच्याच हातात राहू देतो आणि विचारतो, ‘इथे उजेड कुठून येतोय, तुला काय वाटतं?’