शापुरी: रबराचा चीक, उधारीची वही आणि गुरांचे कुरण

ब्राझीलच्या अगदी पश्चिमेला, बोलिव्हियाच्या सीमेला चिकटून असलेल्या आक्रे राज्यात शापुरी हे छोटे नगरपालिका क्षेत्र आहे. ब्राझीलमध्ये नगरपालिका म्हणजे केवळ शहर नव्हे. शहर आणि त्याच्या भोवतीचा सारा ग्रामीण मुलूख तिच्यात मोडतो, आपल्याकडच्या तालुक्यासारखा, फक्त त्याला निवडून आलेला स्वतःचा महापौर असतो. शापुरीचे क्षेत्रफळ सुमारे ५,३०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळपास दीडपट, आणि लोकसंख्या जेमतेम अठरा हजार आहे. एवढ्या विरळ वस्तीच्या गावाचे नाव १९८८ च्या डिसेंबरात जगभरच्या वर्तमानपत्रांत आले ते शिको मेंदेस या कामगार पुढाऱ्याच्या खुनामुळे. पर्यावरणाच्या इतिहासात त्या खुनाची नोंद झाली हे योग्यच. पण शापुरीत तो घडला तो एका जुन्या आर्थिक भांडणाच्या ओघात. झाडाचा चीक कोणी काढायचा, त्याचा भाव कोणी ठरवायचा आणि हिशेबाची वही कोणाच्या हाती राहायची, हे ते भांडण होते.

१८६७ च्या तहानुसार हा प्रदेश बोलिव्हियाचा मानला गेला होता. कागदावर तो त्या देशाचा असला तरी तेथे पोहोचण्याचा सोयीचा मार्ग ॲमेझॉनच्या उपनद्यांतून वर चढणाऱ्या बोटींचा होता, आणि तो ब्राझीलच्या हातात होता. १८७७ ते १८७९ या काळात ईशान्य ब्राझीलमध्ये, विशेषतः सेआरा प्रांतात, भीषण दुष्काळ पडला. घरदार सोडून निघालेल्या हजारो माणसांना याच बोटींनी रबराच्या जंगलात आणून सोडले. युरोप-अमेरिकेत यंत्रांचे पट्टे, नळ्या आणि पुढे सायकल-मोटारींच्या धावा यांसाठी रबराची मागणी वाढत होती, आणि उत्तम रबर देणारी हेविया जातीची झाडे आक्रे नदीच्या खोऱ्यात मुबलक होती. मुबलक असली तरी ती एका जागी नव्हती. दाट जंगलात एका हेक्टरला एखाद-दुसरेच झाड सापडते, त्यामुळे एका कुटुंबाला पोट भरेल इतका चीक मिळवायला सुमारे तीनशे हेक्टरांचे जंगल लागे.

रबर काढणाऱ्याला तिकडे सेरिंगेरो म्हणतात. पहाट होण्यापूर्वी कपाळावर दिवा बांधून तो पायवाटेने निघे, वाटेवरच्या शे-दीडशे झाडांना तिरप्या खाचा पाडून खाली वाट्या लावी, दुपारी त्याच वाटेने परत फिरून चीक गोळा करी आणि संध्याकाळी धुराच्या भट्टीवर काठीभोवती थर चढवत त्याचा मोठा गोळा बनवी. हा गोळा मालकाच्या कोठीत जमा व्हायचा. मीठ, पीठ, काडतुसे, सुरी, औषध, सारे त्याच कोठीतून उधारीवर मिळे. वस्तूचा दर मालक लावी, रबराचा दरही मालकच लावी आणि वजनकाटा त्याचाच असे. ईशान्येतून येण्याचे बोटभाडेसुद्धा पहिल्याच पानावर नावे पडलेले असायचे. ऊसतोड मजुराची उचल ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना ही पद्धत फार समजावून सांगावी लागणार नाही. अनेक ठिकाणी मजुराला स्वतःपुरते पीक घेण्याचीही मनाई होती, कारण ज्याच्याजवळ स्वतःचे धान्य आहे तो कोठीचा मिंधा राहत नाही. मालकही मोकळा नसे. तो बेलें आणि मानाउस या ॲमेझॉनच्या बंदरांतल्या पेढ्यांचा देणेकरी, आणि त्या पेढ्या परदेशी निर्यातदारांच्या. ही उधारीची साखळी लंडन-न्यूयॉर्कपर्यंत जात होती, तरी तिचा सर्वांत जास्त भार शेवटच्या कडीवर, म्हणजे जंगलातल्या माणसावर येई.

रबराचा पैसा दिसू लागताच सीमेचा प्रश्न पेटला. बोलिव्हियाने कर वसुलीसाठी ठाणी उभारली आणि १९०१ मध्ये हा प्रदेश परकीय भांडवलदारांच्या एका कंपनीला चालवायला देण्याचा करार केला. तेव्हा ब्राझीलच्या रबरमालकांनी आपल्याच मजुरांच्या हाती बंदुका दिल्या. प्लासिदो दे कास्त्रो या माजी सैनिकाच्या नेतृत्वाखाली ६ ऑगस्ट १९०२ रोजी त्यांनी शापुरी काबीज केले. तो बोलिव्हियाचा स्वातंत्र्यदिन होता. झोपेतून उठलेल्या अधिकाऱ्याला दारातली माणसे उत्सवासाठी आली आहेत असे वाटले, अशी कथा तिथे आजही सांगितली जाते. १७ नोव्हेंबर १९०३ च्या पेत्रोपोलिस तहाने आक्रे ब्राझीलला मिळाले. मोबदल्यात ब्राझीलने वीस लाख पौंड आणि मादेइरा-मामोरे रेल्वे बांधून देण्याचे वचन दिले. ती रेल्वे १९१२ मध्ये पूर्ण झाली, नेमकी तिची गरज संपत आली असताना.

तेजीच्या त्या काळात नदीकाठच्या बाजारपेठेमुळे शापुरीला ‘आक्रेची राजकन्या’ असे लाडके नाव मिळाले. सिरिया-लेबनॉनहून आलेल्या व्यापाऱ्यांनी तेथे दुकाने थाटली. मुलांच्या हृदयातील अदलाबदल झालेल्या रक्तवाहिन्या पूर्ववत जोडण्याची शस्त्रक्रिया ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते शल्यचिकित्सक अदिब जातेने १९२९ मध्ये अशाच एका लेबनीज घरात शापुरीत जन्मले. पण तोवर तेजी ओसरून दीड दशक झाले होते. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने ॲमेझॉनमधून हेवियाच्या सुमारे सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यांतून उगवलेली रोपे श्रीलंका आणि मलायात पोहोचली. अमेरिका खंडात हेवियाची झाडे जवळजवळ लावली की पानांवर बुरशीचा रोग झपाट्याने पसरतो. आशियात तो रोग पोहोचला नाही, म्हणून तिथे सलग मळे उभे राहू शकले. १९१३ च्या सुमारास आशियाई मळ्यांनी ब्राझीलला उत्पादनात मागे टाकले आणि भाव कोसळले.

दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतला तेव्हा ब्राझीलच्या रबराची पुन्हा आठवण झाली. अमेरिकेशी १९४२ मध्ये झालेल्या करारानुसार ईशान्येतून पन्नास हजारांहून अधिक माणसे ‘रबराचे सैनिक’ म्हणून भरती करून जंगलात पाठवली गेली. त्यांतील हजारो तापाने आणि उपासमारीने मेले, उरलेले विसरले गेले. निवृत्तिवेतनाची घटनात्मक तरतूद व्हायला १९८८ साल उजाडले. युद्ध संपल्यावरही सरकारी खरेदीच्या आधाराने रबराचा धंदा रडतखडत चालू राहिला.

तो आधार १९६०-७० च्या दशकांत लष्करी राजवटीने काढून घेतला. ॲमेझॉनचा ‘विकास’ म्हणजे रस्ते आणि गुरे, असे धोरण ठरले. स्वस्त कर्ज आणि करसवलती पशुपालनाकडे वळल्या. (या राजवटीतील एक वजनदार मंत्री, कर्नल जार्बास पासारिन्यो, शापुरीतच जन्मलेले होते.) कर्जबाजारी रबरमालकांनी आपले मुलूख दक्षिणेतल्या खरेदीदारांना विकले. त्यांना तिथे सरसकट ‘साओ पावलोवाले’ म्हणत, मग ते कुठलेही असोत. खरेदीखतात जंगल होते, त्यात तीन पिढ्या राहिलेली माणसे नव्हती. कुरणासाठी जंगल तोडून जाळायचे आणि माणसांना हुसकायचे, हा क्रम सुरू झाला. त्या कुरणांत आलेल्या पांढऱ्या, वशिंडाच्या गुरांची जात नेलोरे. ती मूळची आंध्रातली ओंगोल जात, नेल्लोर या गावावरून नाव पडलेली. रबराचे झाड ब्राझीलहून आशियात आले आणि भारतातले जनावर ब्राझीलच्या रबरवनात गेले. आपल्याकडे दोडामार्ग-सावंतवाडीच्या पट्ट्यात याच हेवियाच्या मळ्यांसाठी जंगल तोडले गेले, तर शापुरीत जंगल राखण्याचे कारणच हेविया ठरली. झाड तेच, एकीकडे ते रानाचा भाग होते, दुसरीकडे लागवड.

प्रतिकाराची पद्धत रबर काढणाऱ्यांनीच शोधली. तिचे नाव ‘एम्पाते’, म्हणजे कोंडी. बायका-मुलांसह शे-दोनशे माणसे तोडीच्या जागी जाऊन उभी राहत, करवती चालवणाऱ्या मजुरांना समजावत आणि त्यांच्या झोपड्या मोडून काम थांबवत. शेजारच्या ब्राझिलेया गावात १९७६ मध्ये पहिली कोंडी झाली. तेथील ग्रामीण कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष विल्सन पिन्येरो यांचा १९८० मध्ये खून झाल्यावर चळवळीचे केंद्र शापुरीकडे आले. १९४४ मध्ये तिथल्याच एका रबरवनात जन्मलेले आणि जंगलात लपून राहिलेल्या एका जुन्या कम्युनिस्टाकडून अक्षरे शिकलेले मेंदेस तिचे पुढारी झाले. अक्षरओळखीला या कथेत विशेष महत्त्व आहे, कारण वही वाचता येत नाही तोवर उधारी फिटत नाही. १९८१ पासून संघटनेने चालवलेल्या शाळांचे मोल त्यावरून कळते. मेंदेस यांच्याच हिशेबाने ४५ कोंड्यांपैकी १५ यशस्वी झाल्या. १९८५ मध्ये राजधानी ब्राझिलियात भरलेल्या रबर कामगारांच्या राष्ट्रीय मेळाव्यात ‘संकलन राखीव क्षेत्रा’ची कल्पना मांडली गेली: जमीन सरकारची, विक्रीस कायम बंदी, वापराचा हक्क तिथे राहणाऱ्यांचा. २२ डिसेंबर १९८८ रोजी मेंदेस यांना त्यांच्या घराच्या मागच्या दाराशी गोळी घालण्यात आली. एक पशुपालक आणि त्याचा मुलगा यांना १९९० मध्ये प्रत्येकी १९ वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये मेंदेस यांच्या नावाचे सुमारे ९,७०,००० हेक्टरांचे राखीव क्षेत्र जाहीर झाले. त्यात शापुरीसह अनेक नगरपालिकांची जंगले येतात.

जमिनीचा प्रश्न असा सुटला, उत्पन्नाचा सुटला नाही. खुनाच्या वर्षीच स्थापन झालेल्या सहकारी संस्थेने ब्राझील नट फोडण्या-वाळवण्याचा कारखाना काढला, त्यामुळे दलालाची पकड सैल झाली. १९९९ पासून राज्याने रबरावर किलोमागे अनुदान दिले. २००८ मध्ये रानातल्या चिकापासून निरोध बनवणारा सरकारी कारखाना शापुरीत उघडला. त्याचे मोठे ग्राहक केंद्रीय आरोग्य मंत्रालय होते. कल्पना उत्तम, पण ती एकाच गिऱ्हाइकावर उभी होती, आणि सुमारे दहा वर्षांत ती कोलमडली. अलीकडे एक फ्रेंच बूट कंपनी आक्रेतील रानरबर बाजारापेक्षा चढ्या दराने घेते, एवढाच काय तो दिलासा.

दरम्यान गुरे राखीव क्षेत्राच्या आत शिरली आहेत, आणि ती बाहेरच्या जमीनदारांनीच आणली असे म्हणता येत नाही. नटांचा हंगाम डिसेंबर ते मार्च, रबराचा भाव अनिश्चित, जमीन विकता किंवा तारण ठेवता येत नाही म्हणून बँक दारात उभी करत नाही. घरात कोणी आजारी पडले तर चार दिवसांत पैसा देते ते वासरूच. सेरिंगेरोच्या नातवाला ते बचतखाते वाटते. थोड्या कुरणाला नियमांत मुभा आहे, मर्यादा मात्र पाळली जात नाही, हक्काचे तुकडे बेकायदा विकलेही जातात, आणि २०१९ मध्ये राखीव क्षेत्र कमी करण्याचे विधेयक संसदेत मांडले गेले. शापुरीकडे जाणाऱ्या महामार्गाच्या दोन्ही बाजूंना आज कुरणांतून एकेकटे ब्राझील नटचे उंच वृक्ष दिसतात. ते तोडायला कायद्याने बंदी आहे. मात्र त्यांचे परागीभवन करणाऱ्या मधमाश्या जंगलात राहतात, त्यामुळे उघड्या कुरणात त्यांना फारशी फळे धरत नाहीत.