नोंदणी विवाह आणि धार्मिक विवाह (वडोदरा)

विवाह अधिकाऱ्यासमोर होणारे लग्न म्हणजे नोंदणी विवाह. धर्माच्या वा जातीच्या रूढीप्रमाणे विधींनी लागते तो धार्मिक विवाह. कायद्यापुढे दोन्ही सारखेच पक्के. लग्न नेमके कोणत्या क्षणी लागते, इथे ते वेगळे होतात.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांत मंगलाष्टके संपली, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या की ‘लग्न लागले’ म्हणतात. हिंदू विवाह कायदा (१९५५) तिथे थांबत नाही: रूढीत सप्तपदी असेल तर अग्नीसमोर सातवे पाऊल पडल्यावरच विवाह पूर्ण होतो.

विशेष विवाह कायद्याखाली (१९५४) ना होम लागतो, ना गुरुजी. दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवे. विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यावी लागते, ती कचेरीत जाहीर लावली जाते, हरकतींसाठी ३० दिवस जातात. मग तीन साक्षीदारांदेखत दोघे एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारतात. धर्म बदलावा लागत नाही, हे या कायद्याचे मोठे देणे. नोटिशीची अट मात्र जाचक आहे. घरचा विरोध पत्करून आलेली जोडपी तिच्यामुळे उघडी पडतात.

खरा घोटाळा होतो तो ‘नोंदणी विवाह’ आणि ‘विवाहाची नोंदणी’ या जोडशब्दांत. मांडवातले लग्न गुजरातच्या २००६च्या कायद्याखाली नोंदवले की हाती पुरावा येतो. लग्न आधीच लागलेले असते. नोंद राहिली म्हणून ते रद्द होत नाही. उलट, विधी न करता नुसते प्रमाणपत्र घेतले तर हिंदू विवाह कायद्याखाली लग्न झालेच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये स्पष्ट केले.

बडोद्यात शासन मांडवापर्यंत फार पूर्वीच पोहोचले होते. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १९०४मध्ये बालविवाहाला बंदी घातली, १९३१मध्ये हिंदूंना घटस्फोटाचा कायदा दिला. पण या विषयाला सर्वांत जवळचा तो १९१५चा पुरोहित कायदा. परीक्षा देऊन परवाना मिळवल्याशिवाय पौरोहित्य करता येईना. आपण कशाला ‘हो’ म्हणतो आहोत हे वधूवरांना उमगले पाहिजे, ही त्यामागची अपेक्षा रास्तच होती. कचेरीतल्या शपथेत ते आपोआप साधते, संस्कृत मंत्रांत कुणीतरी समजावून सांगावे लागते.

आंतरधर्मीय जोडपी हौसेने सप्तपदीही करतात. पण हिंदू विवाह कायद्याला वधूवर दोघेही हिंदू, बौद्ध, जैन वा शीख असावे लागतात. त्यामुळे धर्म न बदलता लग्न करणाऱ्या हिंदू-मुस्लिम वा हिंदू-ख्रिस्ती जोडप्याची सात पावले त्या कायद्याखाली विवाह ठरत नाहीत. त्यांना सहसा विशेष विवाह कायद्याची वाट धरावी लागते.