वणीचं स्पेलिंग आणि ‘झेड’चा हट्ट : इंग्रजी अक्षरांच्या नावांची पार्श्वभूमी

विदर्भातलं वणी हे गाव इंग्रजीत लिहायला चार अक्षरं लागतात: डब्ल्यू, ए, एन, आय. या चारपैकी एकाही नावाची सुरुवात ते अक्षर या शब्दात जो आवाज देतं त्या आवाजानं होत नाही. बाराखडीत ‘क’ला क म्हणणाऱ्या पोराला हे कसं पटवायचं, हा गावच्या शाळेतला रोजचा पेच. ही नावं एका धाटणीची करून टाकावीत, असं शिक्षकांच्या बोलण्यात अधूनमधून येतं ते यामुळेच.

धाटणी एकेकाळी होती. लॅटिनमध्ये अडून फुटणाऱ्या व्यंजनामागे स्वर लागे (बे, दे, पे, ते) आणि लांबवता येणाऱ्या व्यंजनाआधी स्वर येई (एफ, एल, एम, एन, एस). ‘एच’ फ्रेंचमधून आला, ‘झेड’ ग्रीक झीटापासून फ्रेंचमार्गे. डब्ल्यू म्हणजे शब्दशः दोन यू. जे हे अक्षर आयपासून वेगळं निघालं तेच मुळी सोळाव्या-सतराव्या शतकात. त्याच सुमारास इंग्रजीचे दीर्घ स्वरही सरकत होते. त्याआधी आजच्या ए, ई, आय या अक्षरांना साधारण आ, ए, ई म्हणत. म्हणजे वणीचं शेवटचं अक्षर तेव्हा नावाप्रमाणेच वाजलं असतं. आपल्या गावांची रोमन स्पेलिंगं अजून त्या जुन्या उच्चारांवर चालतात आणि अक्षरांची नावं मात्र नव्या उच्चारांची पाठ होतात.

विदर्भापुरता खरा तिढा सन २०००चा. तोवर मराठी शाळेत इंग्रजी पाचवीत यायचं. त्या वर्षी जूनपासून ते राज्यभर पहिलीत आलं. शहरातली पोरं पुढे निघून जातात, खेड्यातली मागे का राहावीत, असा निर्णयाच्या बाजूचा युक्तिवाद. मायबोलीची अक्षरं बसायच्या आत दुसरी लादू नका, हा विरोध. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. पण पाचवीतल्या पोराला जे चालून जातं ते सहा वर्षांच्या पोराला चालत नाही, याकडे त्या वादात पुरेसं लक्ष गेलं नाही. पाचवीत मराठी वाचन पक्कं असतं, म्हणून एबीसीडी पाढ्यासारखी घोकली तरी निभतं. पहिलीत मात्र दोन्ही लिप्या एकाच वेळी पाटीवर येतात. फळ्यावरचा ‘ए’ हा स्वर की इंग्रजीचं पहिलं अक्षर? बी म्हणजे पेरायचं बी, जी म्हणजे ‘हो जी’तलं जी, असंही पोराला वाटू शकतं. पुढे ध्वनीपासून शिकवण्याची पद्धत आली: आधी ‘ब’ हा आवाज, मग बी हे नाव. ती हवीच होती. मात्र शिकवणाऱ्या पिढीनं स्वतः पाचवीत नावंच घोकलेली, त्यामुळे वर्गात पुन्हा नावंच आधी येतात.

इथे आणखी एक गाठ आहे. १९५६पर्यंत नागपूर ही हिंदी-मराठी मध्यप्रदेशाची राजधानी होती, आणि त्या बाजूची हिंदी आजही बाजारात आहे. हिंदीत आई, वी, वाई. मराठी पुस्तकात आय, व्ही, वाय. नागपूर-गोंदियाकडे दोन्ही कानावर पडतात. पुस्तकातलं ‘व्ही’ इंग्रजीशी जुळत नाही, अशी टीका होते. मला ती पटत नाही. वऱ्हाडी जीभ वीसला ईस आणि विहिरीला इहीर म्हणते. तिच्या तोंडी ‘वी’ दिलं तर त्याचा थेट ‘ई’ व्हायचा धोका. ‘व्ही’तला हकार ते अक्षर सांभाळतो. अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाच्या, म्हणजे ‘पीकेव्ही’च्या, कपाशीच्या वाणांमुळे तो शेतकऱ्याच्या ओठावर बसलेलाही आहे.

आता मोबाइलवरच्या गाण्यांतून अमेरिकन ‘झी’ अंगणवाडीत शिरलं आहे. शाळेत झेड, घरी झी. एकसारखेपणाच्या बाजूनं बोलणाऱ्यांना झी आवडतं, कारण ते बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही यांच्या रांगेत नीट बसतं. पण या रांगेतली अक्षरंच फोनवर चुकतात. पीकविम्याच्या अर्जासाठी सेतू केंद्राला फोनवर बँकशाखेचा आयएफएससी कोड सांगताना बीचा डी होतो, पीचा टी होतो. एम आणि एनचंही तेच, म्हणून लोक ‘एन नागपूरचा’ अशी पुस्ती जोडतात. कोडातलं पाचवं चिन्ह कायम शून्य असतं, ते बरेच जण ‘ओ’ सांगतात आणि पलीकडचा ओच टाइप करतो. एच, डब्ल्यू आणि झेड ही धाटणी मोडणारी नावं मात्र सहसा दुसऱ्यांदा विचारावी लागत नाहीत.