प्रवचनापासून पाय शेकण्यापर्यंत: जपानचे भूकंप आणि मिशनरी

वसईच्या माणसाला गोन्सालो गार्सिया हे नाव नवीन नाही. त्याच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे, भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत म्हणून लहानपणापासून ऐकलेलं असतं. पण तो मेला कुठे असं विचारलं की "जपानला" एवढं उत्तर येतं आणि गोष्ट तिथेच संपते. खरं तर गोष्ट तिथून सुरू होते, कारण त्याच्या मरणाच्या आधीच्या सहा महिन्यांत जपानमध्ये एक मोठा भूकंप झाला होता आणि एक जहाज वादळात भरकटून किनाऱ्याला लागलं होतं, आणि जपानमधल्या आपत्ती आणि तिथले मिशनरी हा विषय जो २०११ च्या त्सुनामीनंतर एकदम चर्चेत आला त्याची मुळं शोधत गेलं की आपण फिरून फिरून याच १५९६ सालापाशी येतो.

पण त्याच्याही थोडं मागे जाऊ, कारण सुरुवातीला गोवा आहे. जपानमधल्या कागोशिमाचा आन्जिरो नावाचा एक माणूस, हातून खून झाला म्हणून पळालेला, मलाक्कात फ्रान्सिस झेवियरला भेटला आणि तिथून गोव्याला आला. १५४८ मध्ये गोव्यात त्याचा बाप्तिस्मा झाला, सेंट पॉल कॉलेजात शिकला, आणि त्यालाच दुभाष्या म्हणून घेऊन झेवियर १५ ऑगस्ट १५४९ ला कागोशिमाला उतरला. तिथून त्यानं गोव्याला जे पत्र पाठवलं त्यात आजवर भेटलेल्या लोकांत हे सगळ्यात चांगले, गरिबीची लाज नाही आणि इभ्रतीला पैशापेक्षा जास्त मानतात, असं लिहिलंय. मिशनरींनी जपानी माणसाचं कौतुक करायची परंपरा तेव्हापासूनची. गंमत म्हणजे देवाला जपानीत काय म्हणायचं यावर आन्जिरोनं 'दाइनिची' हा शब्द सुचवला, जो मुळात बौद्धांच्या शिंगोन पंथातल्या वैरोचन बुद्धाचा, त्यामुळे सुरुवातीला ऐकणाऱ्यांना हा बौद्ध धर्माचाच कुठला तरी नवा पंथ वाटला आणि झेवियरला ते कळल्यावर त्यानं सरळ 'देउस' हा परका शब्द वापरायला सुरुवात केली. शब्दांचा हा घोळ लक्षात ठेवा, शेवटी परत लागणार आहे.

त्याच सुमारास गोव्यात लुईश फ्रोइश नावाचा एक पोर्तुगीज पोरगा होता. त्यानं झेवियरला आणि आन्जिरोला तिथे पाहिलं, पुढे जेझुइट, म्हणजे झेवियरच्याच संघाचा पाद्री होऊन १५६३ मध्ये तो स्वतः जपानला पोचला आणि मरेपर्यंत म्हणजे १५९७ पर्यंत बहुतेक काळ तिथेच राहिला. हा माणूस लिहायचा भयंकर. आमच्याकडे घोड्यावर डावीकडून चढतात ते उजवीकडून, आमची घरं दगडचुन्याची तर त्यांची लाकूड, बांबू, मातीची, अशा नोंदींची त्याची एक अख्खी वही आहे. आता आपण म्हणू की बाबा, लाकडाची घरं का ते भूकंप आला की कळतं, आणि तो आलाच, जानेवारी १५८६ मध्ये. बिवा तळ्याकाठचं नागाहामा फाटलं आणि जळालं, आणि वाकासा किनाऱ्यावरचं एक गाव डोंगराएवढ्या लाटेनं गिळलं असं फ्रोइशनं लिहून ठेवलं.

ही नोंद सव्वाचारशे वर्षं अभ्यासकांच्या कपाटात पडून राहिली असती, पण २०११ नंतर ती एकदम वर आली, कारण त्याच वाकासाच्या आखातात आज ओळीनं अणुभट्ट्या उभ्या आहेत. एका जेझुइट फादरनं लिहिलंय की इथे लाट आली होती, तर तुम्ही काय तपासलंत, असा प्रश्न लोकांनी वीज कंपनीला विचारला, मग कंपनीनं किनाऱ्यावर खोदून मातीचे नमुने काढले आणि मोठ्या त्सुनामीची खूण मिळाली नाही असं सांगितलं. खरं खोटं भूगर्भवाले बघतील. पण सोळाव्या शतकातल्या पाद्र्याच्या वहीवरून एकविसाव्या शतकात अणुभट्टीवाल्यांना उत्तर द्यावं लागतं हे मला तरी भारी वाटतं.

फ्रोइश आणि त्याच्या काळच्या मंडळींना भूकंपात काय दिसायचं? देवाचा हात. इशारा, शिक्षा, जे म्हणाल ते. यात जपानी-युरोपियन असा फरक नव्हता, जपानी लोकही राज्यकर्त्याचं वागणं आणि भूकंप यांचा संबंध लावायचेच. सप्टेंबर १५९६ मध्ये क्योतोजवळ फुशिमीला भूकंप झाला, जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी, त्याचा नवाकोरा किल्ला पडला, आत शेकडो माणसं मेली, तो स्वतः वाचला. त्यानं बांधलेली क्योतोची महाबुद्धाची मूर्तीही मोडली आणि "तुला स्वतःलाच वाचवता येत नाही" म्हणून तो मूर्तीवर भडकला अशी गोष्ट सांगतात. कोरियातल्या लढाईचा खर्च, वर किल्ला परत बांधायचा, अशी ओढाताण चालू असताना ऑक्टोबरमध्ये मनिलाहून निघालेलं 'सान फेलिपे' हे मालानं खच्चून भरलेलं स्पॅनिश जहाज वादळात सापडून शिकोकू बेटाला लागलं. हिदेयोशीनं माल जप्त केला. त्या भांडणात जहाजाच्या नाखव्यानं आमचा राजा आधी पाद्री पाठवतो मग फौज अशी काहीतरी फुशारकी मारली म्हणतात. ती खरंच मारली की नंतर जोडली यावर स्पॅनिश आणि पोर्तुगीज तेव्हापासून भांडतायत. परिणाम मात्र सगळ्यांना ठाऊक आहे, २४ जणांना क्योतोहून नागासाकीपर्यंत भर थंडीत चालवत नेलं, वाटेत आणखी दोघांची भर पडली, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला या २६ जणांना निशिझाका टेकडीवर क्रुसावर चढवलं. त्यात आपला वसईचा गोन्सालो होता, जपानी अस्खलित बोलणारा, आधी जेझुइटांबरोबर राहिलेला, मग व्यापारी, मग मनिलाला फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघाचा ब्रदर झालेला आणि दुभाष्या म्हणून परत आलेला. आणि या २६ जणांची हकीकत लिहून पाठवणारा कोण तर हाच गोव्याहून गेलेला फ्रोइश, जो त्यानंतर काही महिन्यांतच नागासाकीत वारला.

पुढचं पटकन सांगतो. १६१४ मध्ये देशभर बंदी, मग ख्रिस्ताचं चित्र पायाखाली तुडवायला लावून कोण लपलाय ते शोधायचं, अडीचशे वर्षं गुपचूप धर्म पाळणारी कुटुंबं, १८६५ मध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये अशा काही लोकांनी येऊन फ्रेंच फादरला ओळख दिली, आणि १८७३ मध्ये बंदीच्या पाट्या निघाल्या. आजही जपानमध्ये ख्रिस्ती लोक जेमतेम एक टक्का आहेत, आणि हे डोक्यात ठेवल्याशिवाय पुढचं काही नीट समजत नाही. आपल्याकडे मिशन म्हटलं की मोठी हॉस्पिटलं, शाळा, गावंच्या गावं डोळ्यासमोर येतात, तिथे एक पास्टर आणि रविवारी वीसेक माणसं असा मामला असतो.

बंदी उठल्यानंतरचा पहिला मोठा धक्का २८ ऑक्टोबर १८९१ चा, गिफू आणि आइची भागातला नोबी भूकंप, ७,००० पेक्षा जास्त माणसं गेली. पाश्चात्त्य पद्धतीनं बांधलेल्या विटांच्या इमारती पडल्या, नागारा नदीवरचा रेल्वेचा लोखंडी पूल कोसळला, त्यामुळे 'परदेशी ते सगळं पक्कं' या समजालाही तडा गेला. आणि माझ्या मते प्रवचनाचा सूर बदलायला सुरुवात इथे झाली, आणि ती परदेशी मिशनरींपेक्षा जपानी ख्रिस्ती लोकांनी केली. ओकायामाला अनाथाश्रम चालवणाऱ्या इशिई जुजीनं भूकंपात पोरकी झालेली मुलं आणली (पुढे १९०६ मध्ये ईशान्य जपानमधल्या तोहोकूच्या दुष्काळानंतर त्याच्याकडे १,२०० मुलं झाली, हा आकडा वाचून मी दोनदा खात्री केली). दुसरा इशिई, इशिई र्योइची, नात्यातला नव्हे, फक्त आडनाव सारखं, त्याला कळलं की अनाथ मुलींना दलाल उचलून नेतायत, म्हणून त्यानं तोक्योत त्यांच्यासाठी घर काढलं. त्या मुलींमध्ये एखादी मतिमंद आढळली, तिला शिकवायचं कसं हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तो अमेरिकेला जाऊन शिकून आला आणि त्या घराचं जपानमधली मतिमंद मुलांची पहिली संस्था, ताकिनोगावा गाकुएन, असं रूप झालं. देवानं शिक्षा केली का हा प्रश्न बाजूला राहिला आणि या पोरीला अक्षर कसं शिकवायचं हा प्रश्न पुढे आला.

अर्थात शिक्षेची भाषा लगेच संपली नाही. १ सप्टेंबर १९२३ ला दुपारच्या बाराला दोन मिनिटं कमी असताना, म्हणजे घरोघरी चुली पेटलेल्या असताना, कान्तो भूकंप झाला, तोक्यो-योकोहामा जळालं, एक लाखाच्या वर माणसं गेली, अफवांवरून हजारो कोरियन लोकांना मारलं गेलं. ओचानोमिझुच्या ऑर्थोडॉक्स कॅथेड्रलचा घुमट पडला, अमेरिकन मिशनरी डॉक्टर टॉयस्लरचं सेंट ल्यूक हॉस्पिटल गेलं आणि तंबूत चालू झालं. तेव्हा उचिमुरा कान्झोसारखा मोठा ख्रिस्ती विचारवंत चैनीत बुडालेल्या राजधानीला हा स्वर्गाचा दंड आहे या अंगानं लिहीत होता, आणि असं म्हणणारा तो एकटा नव्हता, उद्योगपती शिबुसावा एइइचीही तेच म्हणत होता. त्याच वेळी कोबेच्या झोपडपट्टीत वर्षानुवर्षं राहिलेला कागावा तोयोहिको बातमी कळताच बोटीनं निघाला आणि तोक्योच्या सगळ्यात होरपळलेल्या होंजो भागात तंबू ठोकून बसला, कपडे, अंथरुणं, दूध, नंतर सहकारी संस्था. हाच कागावा पुढे भारतात येऊन गांधीजींना भेटला. उचिमुराला मी कमी लेखत नाही, पण होंजोच्या राखेत बसलेल्या बाईला दोघांपैकी कोण हवा होता हे वेगळं सांगायला नको.

मग १७ जानेवारी १९९५, कोबे, पहाटे ५:४६, ६,४३४ मृत्यू. नागाता भागातलं ताकातोरी चर्च आगीत गेलं, ख्रिस्ताचा पुतळा तेवढा उभा राहिला. त्या भागात व्हिएतनामहून आलेली निर्वासित कुटुंबं होती, चर्चच्या जळक्या अंगणात शेकोटी पेटवून सगळे एकत्र राहिले, शिगेरू बान या आर्किटेक्टनं येऊन कागदाच्या नळकांड्यांचं चर्च बांधायचं म्हटलं तर फादर आधी तयार नव्हते, जळून गेलेल्या जागेत कागदाचं चर्च म्हणजे काय चेष्टा आहे! शेवटी स्वयंसेवकांनी ५८ नळकांड्यांचं ते उभं केलं, दहा वर्षं टिकलं, आणि नंतर ते सोडवून तैवानला नेलं, तिथल्या १९९९ च्या भूकंपग्रस्त भागात, तिथे ते आजही आहे. त्या वर्षी कोबेला १३ लाखांवर स्वयंसेवक आले म्हणून जपानी लोक १९९५ ला 'स्वयंसेवेचं पहिलं वर्ष' म्हणतात. पण दोनच महिन्यांनी तोक्योच्या मेट्रोत ओम शिनरिक्यो पंथानं विषारी वायू सोडला, आणि धर्माचं नाव घेऊन दारात येणाऱ्या कुठल्याही माणसाकडे लोक संशयानं बघायला लागले. मदतीला आलेला पास्टर असो की भिक्षू, आधी विचार एकच, याला आपल्याकडून काय पाहिजे?

म्हणून ११ मार्च २०११ ला तोहोकूत ९ मॅग्निट्यूडच्या घरातला भूकंप, मग लाट, मग फुकुशिमा, आणि मृत-बेपत्ता मिळून १८,००० च्या वर, असं सगळं झालं तेव्हा तिथे पोचलेल्या मिशनरींपुढे हा चारशे वर्षांचा सगळा पसारा होता. परदेशी मिशनरींच्या त्या वेळच्या लिखाणात झेवियरचाच सूर दिसतो, रांगा किती शिस्तीत, लूटमार नाही, वाहून आलेल्या तिजोऱ्या लोक पोलिसांत नेऊन देतायत. 'गामान' म्हणजे निमूट सोसणं आणि 'शोगानाइ' म्हणजे इलाज नाही, हे दोन शब्द तर सगळ्यांच्या तोंडी. पण जे लोक महिना-दोन महिने नाही तर वर्ष-दोन वर्षं राहिले त्यांना कौतुकाची दुसरी बाजू दिसली. निमूट सोसणारा माणूस बोलतच नाही, शेजाऱ्याचे तीन गेले आणि माझा एकच, मग मी कुठल्या तोंडानं रडू असा हिशोब. कोबेनंतर तात्पुरत्या घरांमध्ये एकटे मरून पडलेले म्हातारे सापडले होते ते सगळ्यांना आठवत होतं.

त्यातून जे काम वाढलं ते अगदी साधं. 'आशियु', म्हणजे घमेल्यात गरम पाणी घेऊन म्हाताऱ्या माणसाचे पाय त्यात सोडायचे, हात चोळायचे, आणि तो बोलला तर ऐकायचं. ही काही चर्चची कल्पना नाही, गरम झऱ्यांच्या देशातली घरगुती गोष्ट आहे, कोबेपासून सगळ्याच स्वयंसेवकांनी वापरलेली, पण पवित्र आठवड्यात गुरुवारी पाय धुण्याचा विधी पाहिलेल्या माणसाला त्यात काही वेगळं दिसल्याशिवाय राहत नाही. सेंदाईला सरकारी दाहगृहात राज्यघटनेमुळे धर्मगुरूला अधिकृत जागा नव्हती, तिथे बौद्ध भिक्षू आणि पास्टर मिळून एकत्र आले, कुठल्याही धर्माच्या माणसासाठी मन मोकळं करायची जागा काढली, आणि तोहोकू विद्यापीठात त्याचा कोर्सच सुरू झाला, अट अशी की आपला धर्म समोरच्यावर लादायचा नाही. झेन भिक्षू कानेता ताइओ त्या दिवसांतली एक आठवण सांगतात. लाटेनंतरच्या ४९ व्या दिवशी, म्हणजे बौद्ध रिवाजात मृतांसाठी विधी करतात त्या दिवशी, ते काही भिक्षूंबरोबर उद्ध्वस्त गावातून समुद्राकडे चालत गेले, सोबत एक प्रोटेस्टंट पास्टर. सूत्र म्हणताना आवाज फुटेना, आणि पास्टरला कुठलं गीत म्हणावं तेच सुचेना.

आता तो शब्दांचा घोळ. तोहोकूच्या किनाऱ्यावरच्या ओफुनातोचे डॉक्टर यामाउरा हारुत्सुगु कॅथलिक आहेत, त्यांनी चारही शुभवर्तमानं ग्रीकमधून थेट आपल्या भागातल्या केसेन बोलीत आणली, जी बोली बोलल्याबद्दल शाळेत हसायचे. (आपल्याकडे १६१६ मध्ये फादर स्टीफन्सनं क्रिस्तपुराण ओवीत लिहिलं, त्यामुळे हे आपल्याला लगेच कळतं.) 'प्रेम' या अर्थाचा पुस्तकी 'आइ' केसेनच्या कोळ्याच्या तोंडात बसत नाही म्हणून त्यांनी 'जपणं, मोलाचं मानणं' अशा अर्थाची क्रिया घेतली, आणि मागे जाऊन बघितलं तर सोळाव्या शतकातल्या फादरांनीही देवाच्या प्रेमाला 'गो-ताइसेत्सु' म्हणजे तेच म्हटलेलं.

लाटेनंतर पत्रकार त्यांच्या दवाखान्यात यायचे आणि विचारायचे, इतक्या चांगल्या लोकांवर देवानं हे का आणलं? यामाउरांचं म्हणणं असं की केसेनच्या एकाही माणसानं त्यांना हा प्रश्न विचारला नाही, तो बाहेरून येणाऱ्यांचाच प्रश्न होता. त्यांच्या प्रकाशकाचं गोदामही पाण्यात गेलं, पण केसेन शुभवर्तमानाच्या काही प्रती वाचल्या. त्या फेकल्या नाहीत. वाळवून 'पाण्याखालून गेलेलं बायबल' म्हणून विकायला ठेवल्या, आणि लोकांनी देशभरातून मागवल्या.